सवलतीतली गेम की विकत घेण्यापूर्वी: कोडचा माग काढण्याची रीत

पीसीवरचा एखादा गेम स्टीम या गेमविक्रीच्या ऑनलाइन दुकानात पूर्ण किमतीला दिसत असतो आणि त्याच गेमचा अ‍ॅक्टिव्हेशन कोड (यालाच 'की' म्हणतात) दुसऱ्या एखाद्या संकेतस्थळावर निम्म्याहून कमी पैशांत मिळत असतो, तेव्हा बहुतेक खरेदीदार एवढेच विचारतात, की हा कोड चालेल का. हा प्रश्न रास्त असला तरी अपुरा आहे, कारण चोरलेल्या क्रेडिट कार्डावर घेतलेला कोडही पहिले काही दिवस किंवा आठवडे अगदी व्यवस्थित चालतो. त्याआधी विचारायला हवे ते हे, की हा कोड पहिल्यांदा कोणी मिळवला, कोणाच्या पैशाने मिळवला आणि त्या पैशातला काही भाग गेम बनवणाऱ्यापर्यंत पोचला का. कोड खात्यावर टाकण्यापूर्वी, शक्य तर पैसे भरण्यापूर्वीच, याची उत्तरे कशी शोधायची ते पुढे क्रमाने सांगितले आहे.

कमी किंमत म्हणजे लबाडीच असे नाही

स्टीमचा कोड साधारणपणे पाच-पाच अक्षरांच्या तीन गटांचा असतो. तो स्टीम चालवणारी व्हॉल्व्ह ही कंपनी विकत नाही. विकसक किंवा प्रकाशक स्टीमच्या यंत्रणेतून असे कोड विनामूल्य तयार करून घेतो आणि ते स्वतःच्या संकेतस्थळावर किंवा इतर दुकानांतून विकतो. स्टीमच्या स्वतःच्या दुकानातील विक्रीवर व्हॉल्व्ह साधारण ३० टक्के वाटा घेते (२०१८ पासून एखाद्या गेमची उलाढाल १ कोटी डॉलरच्या वर गेल्यास पुढच्या विक्रीवर २५ टक्के आणि ५ कोटींच्या वर गेल्यास २० टक्के). बाहेर विकलेल्या कोडवर मात्र ती काहीही घेत नाही. त्या बदल्यात तिची अपेक्षा अशी असते, की स्टीमच्या ग्राहकांना बाहेरच्या ग्राहकांपेक्षा कायमचा वाईट भाव मिळू नये आणि बाहेर दिलेल्या सवलतीसारखीच सवलत वाजवी मुदतीत स्टीमवरही द्यावी.

याचा अर्थ असा, की प्रकाशकाशी करार केलेल्या दुकानाला किंमत उतरवायला खरोखरच जागा असते. प्रकाशकाच्या संमतीने ते सवलत देते आणि पुष्कळदा स्वतःच्या कमिशनचा काही भाग सोडून भाव आणखी खाली आणते. हंबल बंडल, फॅनॅटिकल, ग्रीन मॅन गेमिंग आणि गेम्सप्लॅनेट ही या प्रकारची दुकाने होत. तेथे स्टीमपेक्षा कमी भाव दिसला तर संशय घेण्याचे कारण नाही.

प्रकाशकाशी करार नसलेल्या, ज्याला ग्रे मार्केट म्हणतात त्या बाजारात मात्र कोड वेगवेगळ्या वाटांनी येतात. कोणी बंडलमध्ये, म्हणजे एकत्र विकलेल्या गेमच्या संचात, मिळालेले आणि नको असलेले कोड विकतो. कोणी मोठ्या सेलमध्ये शेकडो प्रती घेऊन ठेवतो आणि सेल संपल्यावर विकायला काढतो. कोणी ज्या देशांत गेमची किंमत मुद्दाम कमी ठेवलेली असते तेथून कोड आणतो. कोणी ग्राफिक्स कार्डासोबत भेट मिळालेले कोड वेगळे काढतो. यांतील काही व्यवहार मूळ विक्रेत्याच्या अटींचा भंग करणारे असले, तरी निदान कोणीतरी कधीतरी खरे पैसे मोजलेले असतात. उरलेल्या दोन वाटा वेगळ्या आहेत: समीक्षक असल्याची बतावणी करून उकळलेले कोड आणि चोरीच्या कार्डांवर विकत घेतलेले कोड. अडचण अशी, की विक्रीच्या यादीत हे सगळे शेजारी-शेजारी, एकाच चित्राखाली आणि एकाच गेमच्या नावाने मांडलेले असतात आणि कोडकडे पाहून त्याचे कूळ कळत नाही.

चोरीच्या कार्डाचा भुर्दंड कोणावर पडतो

चोरलेले कार्ड लवकरच बंद होणार हे चोराला ठाऊक असते, म्हणून ज्या वस्तूचे तत्काळ रोख पैशात रूपांतर होईल अशी वस्तू त्याला हवी असते. गेमचा कोड यासाठी सोयीचा ठरतो: तो काही सेकंदांत हाती येतो, पत्ता लागत नाही आणि परक्या ग्राहकाला लगेच विकता येतो. पुढे कार्डाचा खरा मालक तक्रार करतो, बँक व्यवहार उलटवते (यालाच चार्जबॅक म्हणतात) आणि ज्या दुकानाने कोड विकला त्याच्याकडून मूळ रक्कम तर परत जातेच, वर दंडवजा शुल्कही भरावे लागते. छोटा विकसक स्वतःच्या संकेतस्थळावरून विक्री करत असेल तर हे दुकान त्याचेच असते. म्हणजे त्याचा कोड गेला, पैसे गेले आणि वर दंडही बसला. शिवाय अशा तक्रारी वाढल्या तर पेमेंट कंपनी त्याचे खातेच बंद करण्याची धास्ती असते.

हे केवळ तर्काने मांडलेले चित्र नाही. 'नॅचरल सिलेक्शन २' बनवणाऱ्या अननोन वर्ल्ड्सने २०१३ मध्ये १,३४१ कोड रद्द केले, कारण ते चोरीच्या कार्डांवर घेतले गेले होते. जानेवारी २०१५ मध्ये युबिसॉफ्टने 'फार क्राय ४' आणि इतर काही गेमच्या प्रती अनेक खेळाडूंच्या खात्यांवरून काढून घेतल्या. मूळ खरेदी चोरीच्या कार्डांवर झाली होती आणि कोड पुढे अनधिकृत विक्रेत्यांमार्फत फिरले होते. ज्यांनी गेम आधीच सुरू करून खेळायला घेतला होता त्यांना तो कंपनीने नंतर परत दिला खरा, पण तसे करण्याचे बंधन तिच्यावर नव्हते. २०१६ मध्ये टायनीबिल्ड या प्रकाशकाने जाहीर केले, की त्याच्या गेमचे जे कोड जीटूए या बाजारपेठेत सुमारे २ लाख डॉलरना विकले गेले त्यांची दुकानातील किंमत सुमारे साडेचार लाख डॉलर होते. जीटूएने हा आरोप मान्य केला नाही आणि वाद चिघळत राहिला.

त्या वादात पडताळणीपर्यंत पोचलेले उदाहरण एकच, आणि ते म्हणूनच महत्त्वाचे आहे. २०१९ मध्ये जीटूएने जाहीर केले, की चोरीचे कोड आपल्या बाजारात विकले गेल्याचे सिद्ध झाल्यास चार्जबॅकमुळे झालेल्या नुकसानीच्या दहापट रक्कम देऊ. 'फॅक्टोरियो' बनवणाऱ्या वूब सॉफ्टवेअरने हे आव्हान स्वीकारले आणि २०२० मध्ये खुद्द जीटूएनेच मान्य केले, की त्या गेमचे १९८ गैरमार्गाने मिळवलेले कोड तिच्या बाजारात विकले गेले होते. त्यापोटी तिने सुमारे ३९,६०० डॉलर दिले. १९८ हा आकडा लहान वाटेल, परंतु ते कोड विकत घेणाऱ्यांपैकी एकालाही खरेदीच्या वेळी ही बाब कळण्याचा मार्ग नव्हता.

जाता जाता एक नोंद. व्हॉल्व्हच्याच काउंटर-स्ट्राइक या गेममधील पेट्या उघडण्यासाठी लागणाऱ्या आभासी चाव्या ही अगदी वेगळी वस्तू आहे, तरी चोरीच्या पैशाने तिच्याही बाबतीत हाच मार्ग धरला. ऑक्टोबर २०१९ मध्ये व्हॉल्व्हने नव्याने घेतलेल्या चाव्यांची पुनर्विक्री बंद केली, कारण हातोहात फिरणाऱ्या जवळजवळ सर्व चाव्यांमागे फसवणुकीचा पैसा असल्याचे तिचे म्हणणे होते.

पहिली पायरी: समोर दुकान आहे की बाजार, ते ओळखावे

एकाच गेमच्या पानावर वेगवेगळी विक्रेत्यांची नावे, त्यांच्या पसंतीची टक्केवारी आणि प्रत्येकाची निराळी किंमत दिसत असेल, तर ते दुकान नसून बाजारपेठ आहे. जीटूए, किंग्विन, एनेबा आणि गॅमिव्हो ही या प्रकारची ठिकाणे आहेत. येथे संकेतस्थळ स्वतः कोड विकत नाही, ते फक्त जागा आणि पैशांची देवाणघेवाण पुरवते. म्हणून संकेतस्थळ प्रसिद्ध आहे यावरून तुमचा विक्रेता विश्वासू ठरत नाही.

याशिवाय तिसरा प्रकार आहे, ज्याकडे सहसा दुर्लक्ष होते. काही संकेतस्थळे स्वतःच कोड साठवून विकतात, त्यांचे रूप अगदी दुकानासारखे असते, पण प्रकाशकाशी त्यांचा थेट करार नसतो. तेथे गैरप्रकाराची शक्यता खुल्या बाजारापेक्षा कमी असली, तरी कोडचा पुरवठा कोठून झाला हे ग्राहकाला कळत नाही.

ओळखण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे गेमच्या किंवा प्रकाशकाच्या अधिकृत पानावर दिलेल्या खरेदीच्या दुव्यांवरून जाणे. इझदेअरएनीडील हे किंमत-तुलनेचे संकेतस्थळ अधिकृत दुकानांपुरतेच मर्यादित राहते, तर जीजी.डील्स अधिकृत दुकाने आणि की विकणारी इतर ठिकाणे वेगवेगळी दाखवते. दुसऱ्याचा उपयोग करताना आपण कोणत्या रकान्यातील आकडा वाचत आहोत याकडे लक्ष असू द्यावे.

दुसरी पायरी: किमतीचा इतिहास पाहावा

गेमची आजवरची सर्वांत कमी अधिकृत किंमत वर सांगितलेल्या संकेतस्थळांवर दिसते. चार वर्षांपूर्वीचा, दोनदा बंडलमध्ये येऊन गेलेला गेम ग्रे मार्केटमध्ये किरकोळ किमतीला मिळत असेल तर त्याचा उलगडा सोपा आहे: बंडलमधले उरलेले कोड. मात्र मागच्याच आठवड्यात प्रसिद्ध झालेला आणि कोणत्याही अधिकृत दुकानात फारशी सवलत नसलेला गेम कोणी निम्म्या किमतीत देत असेल, तर ती प्रत त्याला कमी पैशांत मिळाली कशी, याचे प्रामाणिक उत्तर सापडणे अवघड असते. प्रसिद्धीपूर्वीच विक्रीला आलेला छोट्या विकसकाचा कोड तर बहुधा समीक्षेसाठी दिलेला असतो. स्वतंत्र विकसकांना यूट्यूबर किंवा समीक्षक असल्याचे सांगून दोन-चार कोड मागणारी पत्रे सतत येतात आणि पत्त्यातील एका अक्षराचा फरक हेरून बनावट माणूस ओळखण्याचे काम गेम बनवणाऱ्यालाच करावे लागते. हे टाळण्यासाठी स्टीमने क्युरेटरांना (तेथे गेमची शिफारस करणाऱ्यांना) कोड न देता गेम थेट त्यांच्या खात्यात पाठवण्याची सोय केली आहे.

माझ्या मते निर्णयाची खरी जागा हीच पायरी आहे. स्वस्ताईचे साधे, पटण्याजोगे कारण सांगता येत नसेल तर व्यवहार तेथेच सोडावा.

तिसरी पायरी: प्रदेश, मंच आणि आवृत्ती तपासावी

कोड कोणत्या मंचासाठी आहे (स्टीम, ईए, युबिसॉफ्ट, एक्सबॉक्स), कोणत्या आवृत्तीचा आहे आणि कोणत्या प्रदेशात सुरू होतो, हे तिन्ही तपशील नीट वाचावेत. काही कोड ठराविक देशांतच सुरू होतात. 'व्हीपीएन वापरून सुरू करा' अशी सूचना विक्रेत्याने दिली असेल तर खरेदी करू नये. आपले ठिकाण लपवून प्रादेशिक निर्बंध चुकवणे स्टीमच्या करारात स्पष्टपणे निषिद्ध आहे आणि त्याचा परिणाम संपूर्ण खात्यावर होऊ शकतो, ज्यात तुम्ही वर्षानुवर्षे जमवलेले सगळे गेम असतात.

प्रादेशिक निर्बंध नेहमी न्याय्यच असतात असेही नाही. जानेवारी २०२१ मध्ये युरोपीय आयोगाने व्हॉल्व्ह आणि पाच प्रकाशकांना मिळून ७८ लाख युरोंचा दंड केला, कारण पूर्व युरोपातील काही सदस्य देशांत विकलेले कोड इतर सदस्य देशांत चालू नयेत अशी व्यवस्था त्यांनी केली होती. तो प्रश्न एका सामायिक बाजारपेठेतील ग्राहकहक्काचा होता. जागतिक पातळीवर प्रादेशिक किमतीचा हेतू निराळा असतो: ज्या देशांत उत्पन्न कमी आहे तेथील लोकांना गेम परवडावा. बाहेरचे ग्राहक त्या किमतीचा लाभ उठवू लागले की प्रकाशक ती वाढवतात आणि झळ स्थानिक खेळाडूंना बसते. व्हॉल्व्हने २०२१ मध्ये खात्याचा देश तीन महिन्यांतून एकदाच बदलता येईल असा नियम केला तो अशाच गैरवापरामुळे. नोव्हेंबर २०२३ मध्ये अर्जेंटिना आणि तुर्कस्तानातील किमती स्थानिक चलनाऐवजी डॉलरमध्ये दाखवल्या जाऊ लागल्या. त्यासाठी चलनाच्या चढउतारांचे कारण दिले गेले, पण परदेशी खरेदीदारांचा या दोन देशांवर किती डोळा होता हे खेळाडूंमध्ये सर्वज्ञात होते.

चौथी पायरी: कोडऐवजी खाते मिळत असेल तर थांबावे

काही अतिस्वस्त जाहिरातींत कोड नसून तयार खात्याचे नाव आणि पासवर्ड दिला जातो. स्टीमचे खाते विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही, मूळ मालक ते केव्हाही परत मिळवू शकतो आणि तेच खाते अनेकांना विकलेले असणे हीच या धंद्याची रीत आहे. कोड 'तयार करून देणाऱ्या' प्रोग्रामविषयी तर अधिक लिहिण्याची गरज नाही. त्यांत गेम नसतो, व्हायरस असतो.

पाचवी पायरी: अंतिम रक्कम आणि पैसे भरण्याचा मार्ग

यादीतील किंमत आणि शेवटी भरायची रक्कम यांत पुष्कळदा फरक पडतो. सेवाशुल्क, पेमेंटशुल्क, 'संरक्षण' या नावाखालचा जादा आकार किंवा आधीच टिचकी मारून ठेवलेले मासिक सदस्यत्व शेवटच्या पानावर पुढे येते. ही सगळी बेरीज करून अधिकृत सवलतीशी तुलना केली असता बचत कित्येकदा नगण्य उरते. ग्राहकाला सदोष वस्तू मिळाल्यावर परतावा मिळण्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागावेत, ही कल्पनाच मला अत्यंत आक्षेपार्ह वाटते.

तक्रार करून व्यवहार उलटवता येईल अशाच मार्गाने पैसे भरावेत. क्रिप्टो चलन किंवा गिफ्ट कार्ड मागणाऱ्या विक्रेत्याशी व्यवहार टाळावा. कार्डाचा तपशील संकेतस्थळावर साठवू नये आणि स्टीमचा पासवर्ड तेथे वापरू नये.

सहावी पायरी: कोड हाती आल्यावर

कोड लगेच खात्यावर टाकावा. तो आठवडाभर पडून राहिला तर तो आधीच वापरलेला होता, की नंतर कोणी वापरला, हे सिद्ध करणे कठीण होते. पावती, विक्रेत्याचे नाव, जाहिरातीतील प्रदेश व आवृत्तीचा उल्लेख आणि स्टीमने दाखवलेला संदेश यांची छायाचित्रे जपून ठेवावीत. नाकारलेला कोड पुन्हा पुन्हा टाकत बसू नये. अनेक प्रयत्न फसल्यास स्टीम काही काळ नवे कोड स्वीकारत नाही.

स्टीमचा सुप्रसिद्ध परतावा, म्हणजे खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळले असल्यास मिळणारा, बाहेरून घेतलेल्या कोडला लागू नाही, मग तो अधिकृत दुकानाचा का असेना. म्हणून गेम आपल्या संगणकावर चालेल की नाही याचीच शंका असेल, तर थोडे जास्त पैसे देऊन स्टीमवरच घेणे शेवटी स्वस्त पडते.

गेम नंतर खात्यावरून काढून घेतला गेला तर प्रथम विक्रेत्याकडे पुराव्यानिशी परतावा मागावा, मग बाजारपेठेकडे आणि ठरलेल्या मुदतीत उत्तर न आल्यास बँकेकडे. विकसकाला लिहायला हरकत नाही, परंतु त्याला दोष देऊ नये. बहुधा त्याचेही पैसे बुडालेले असतात.

कायदेशीर आहे म्हणून योग्य आहे का

विकत घेतलेला गेम पुन्हा विकण्याचा हक्क असावा, असे ग्रे मार्केटचे समर्थक म्हणतात आणि हा युक्तिवाद पोकळ नाही. युरोपीय न्यायालयाने २०१२ मध्ये यूज्डसॉफ्ट खटल्यात डाउनलोड केलेल्या सॉफ्टवेअरच्या परवान्याची पुनर्विक्री मान्य केली. त्याच आधारावर २०१९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने स्टीमवरील गेमबाबत ग्राहक संघटनेच्या बाजूने निकाल दिला, पण २०२२ मध्ये वरच्या न्यायालयाने तो फिरवला. कॅलिफोर्नियात २०२५ पासून विक्रेत्याला स्पष्ट सांगावे लागते, की ग्राहक वस्तू नव्हे तर परवाना विकत घेत आहे. थोडक्यात, पुनर्विक्रीचा प्रश्न खुल्या मनाने चर्चिण्याजोगा आहे. मात्र या सगळ्या युक्तिवादात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: विकणाऱ्याने वस्तू प्रामाणिकपणे मिळवली आहे. ज्या बाजारात नेमके हेच तपासता येत नाही, त्याला पुनर्विक्रीच्या हक्काची ढाल लावणे मला मान्य नाही.

दुसऱ्या टोकाला, २०१९ मध्ये नो मोअर रोबॉट्स या प्रकाशन संस्थेचे माइक रोज यांनी लोकांना जाहीरपणे सांगितले, की आमचे गेम जीटूएवरून घेण्यापेक्षा पायरेटेड प्रत उतरवून घ्या. हिशेब म्हणून हे बरोबर आहे: चोरून उतरवलेल्या प्रतीतून विकसकाला शून्य मिळते, तर चोरीच्या कार्डावरच्या कोडमधून शून्याच्याही खालचे. तरीही हा त्या प्रकाशकाने त्याच्या गेमपुरता दिलेला उद्वेगाचा सल्ला आहे. दुसऱ्या कोणाच्या गेमवर तो परस्पर लागू करता येत नाही.

बंडलमधील उरलेल्या कोडबाबत माझे मत सौम्य आहे. ते विकणे बंडलच्या अटींविरुद्ध असते आणि मित्राला देणे सहसा कोणाला खटकत नाही. पहिल्या प्रकारात विकसकाला थोडे तरी पैसे मिळालेले असतात, म्हणून त्याला चोरीच्या पंक्तीला बसवणे अन्यायाचे होईल. पण खुल्या बाजारात तुम्ही घेतलेला कोड बंडलमधलाच आहे हे तुम्हाला कळणार कसे, ही अडचण तेथेही राहतेच.

कमी खर्चात खेळण्याच्या सरळ वाटा

गेम स्टीमच्या विशलिस्टमध्ये टाकला की सवलत लागल्यावर सूचना येते, आणि इझदेअरएनीडीलवर आपल्याला परवडणारा आकडा नोंदवून ठेवला तर अनेक अधिकृत दुकानांवर एकदम लक्ष राहते. एपिक गेम्स स्टोअर २०१८ च्या डिसेंबरपासून ठराविक काळाने गेम विनामूल्य देत आले आहे. जीओजी या दुकानात मिळणारे गेम डीआरएमविरहित (प्रत-संरक्षणाच्या कुलपाविना) असतात, म्हणजे इन्स्टॉलर स्वतःजवळ साठवता येतो. २०२४ पासून स्टीम फॅमिलीजमध्ये घरातील सहा जणांपर्यंत गेमसंग्रह वाटून घेता येतो. त्यातील एकाने दुसऱ्याच्या गेममध्ये चीटिंग केली तर मूळ मालकावरही बंदी येते, एवढे लक्षात ठेवून सदस्य निवडावेत.

बंडल घेणार असाल तर आणखी एक तपशील पाहावा. हंबलसारख्या ठिकाणी काही कोडना वापरण्याची अंतिम तारीख असते आणि ती खरेदीच्या पानावर दिलेली असते. ती उलटून गेल्यावर कोड उघडलाच नसेल तर पूर्ण पैसे मोजूनही गेम मिळेलच याची खात्री नसते. म्हणून जे गेम स्वतःला खेळायचे आहेत त्यांचे कोड त्याच दिवशी खात्यावर टाकावेत.